अस्वलांचं कार्टून

बाहेर वैशाखाचं ऊन होतं आणि माजघरात दत्तारामाने रात्र करून ठेवली होती. दोन्ही खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या, मागच्या दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं, तरी कौलांमधून उन्हाच्या तिरिपी खाली उतरतच होत्या. तो मागे सरून बघायचा आणि पुन्हा पाटावर चढायचा.

"भावजी, घराचं भुयार केलंत," ठकूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली. "कोंबड्या सांज झाली समजून खुराड्यात शिरतील."

"काळोख असल्याबिगर चित्र दिसत नाय, वयनी. रंगीत हाय."

"रंगीत असू दे. माझ्या घोंगड्यांना भोकं पाडलीत ती काय रंगीत दिसणार हायत का?"

दत्ताराम हसला. वहिनी आपल्याशी चेष्टेने बोलते आहे, हेच त्याला पुष्कळ वाटलं. दोन दिवसांपूर्वी तो मुंबईहून आला तेव्हा तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला होता आणि एक शब्द न बोलता आत गेली होती. तिचं म्हणणं सगळ्या घराला ठाऊक होतं. तीन वर्षं जिला पोटाशी घेऊन निजवलं ती पोर हा आता मुंबईला न्यायला आला होता. बापच तो. नाही म्हणायला तिला जागा नव्हती.

टीव्ही आणि व्हिडिओ त्याने महाडच्या बाजारातून भाड्याने आणला होता. खोका मांडीवर घेऊन एसटीने पोलादपूरपर्यंत, तिथून वाडीतल्या दोन गड्यांच्या डोक्यावरून वर. अनामत म्हणून हातातलं घड्याळ दुकानात ठेवलं होतं. वाडीत वीज येऊन दोन वर्षं झाली होती, पण टीव्ही अजून कुणाकडे नव्हता. दुकानदाराने विचारलं, "मोठ्यांसाठी की मुलांसाठी?" हा म्हणाला, "दोन्ही द्या." मोठ्यांसाठी त्याने देवाची कॅसेट दिली. मुलांसाठी खालच्या फळीवरची एक काढली. कुणीतरी आखाती देशातून आणलेली. वरच्या कागदावर पेनाने अस्वलाचं तोंड काढलं होतं.

"प्राण्यांचं कार्टून आहे," दुकानदार म्हणाला. दत्तारामानेही पुढे काही विचारलं नाही. प्राण्यांचं, चित्रांचं, म्हणजे पोरांचंच.

हा सगळा खटाटोप नंदासाठी होता. ती सात वर्षांची. तिची आई सुंदरा गेली तेव्हा चारचीसुद्धा नव्हती. दोन दिवसांत ती त्याच्याशी बोलली नव्हती. तो समोर आला की ठकूबाईच्या लुगड्याआड सरायची. त्याच्याविषयी बोलायचं झालं तर 'ते' म्हणायची. ते जेवले का. ते नदीवर गेले. मुंबईच्या गीताने, त्याच्या दुसऱ्या बायकोने, तिच्यासाठी निळा फ्रॉक शिवून पाठवला होता. तो घडीसकट दांडीवर होता.

वाडीतली पोरं जमली. दोन म्हाताऱ्या आल्या. ठकूबाईचे दोन्ही मुलगे पुढे जागा धरून बसले. नंदा भिंतीला टेकून, आजीच्या, म्हणजे गोदूबाईच्या, गुडघ्याशी बसली. पडद्यावर मुंग्या आल्या, मग निळा उजेड, मग वाजंत्री सुरू झाली आणि टोपी घातलेलं एक अस्वल सायकलवरून आलं. पोरांनी एकच कल्ला केला.

"चला," दत्तारामाचा बाप महिपती उठत म्हणाला. "चित्रातली जनावरं मोठ्या माणसांनी काय बघायची. आपण आपलं बोलून घेऊ."

*

खळ्याच्या कडेला फणसाखाली सावली होती. महिपतीने कांबळं पसरलं. समोर कुशाबा बसला, सुंदराचा थोरला भाऊ. तो सकाळीच कुडपणाहून डोंगर उतरून आला होता. आई नसलेल्या पोरीला कुठे धाडायचं झालं तर आधी मामाचा शब्द घ्यायचा, ही त्या खोऱ्यातली रीत. बाप सख्खा असला तरी मामाची सुपारी हातावर पडल्याशिवाय पोर उंबरा ओलांडत नसे.

कुशाबा हे जाणून होता आणि म्हणूनच घाई करत नव्हता. त्याने चंची सोडली, पान काढलं, शिरा काढल्या.

"पाव्हणं, पेरण्या लागायच्या आत ठरवून टाकू," महिपती म्हणाला. "जूनला साळा सुरू व्हते. पोर मुंबईला शिकली तर बरंच हाय."

"शिकंल की." कुशाबाने चुना लावला. "माझी बहीण पण तुमच्याकडं बरी राहील म्हणूनच दिली व्हती."

"झालं ते झालं."

"झालं ते झालं असं मी म्हणीन, तुम्ही म्हणाल. सुंदरी कुठं म्हणतेय?"

दत्ताराम मान खाली घालून बसला होता. गिरणीचा संप झाला आणि तो बायको-पोरीला घेऊन गावी आला, ते दीड वर्ष या खळ्यानेही पाहिलं होतं. काम नाही, हाताला चाळा नाही. दुपारपासून खालच्या वाडीत बसायचा आणि दिवेलागणीला घरी यायचा. सुंदरा कावीळ होऊन गेली. कावीळच होती, महाडच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. पण तिला महाडला न्यायला उशीर का झाला, हे त्या डॉक्टरने विचारलं नव्हतं.

"मी सोडली ती," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. थेंब नाय."

"कशी सोडलीस?"

"सुटली. ती गेली नि सुटली."

"मंग लई उशिरा सुटली म्हणायची," कुशाबा म्हणाला. त्यात राग नव्हता. पान तोंडात घालताना तो इतकंच म्हणाला.

घरातून हसण्याची लाट आली. पोरं तर हसत होतीच, म्हाताऱ्याही हसत होत्या. दत्तारामाची मान वर झाली. इतक्यात ठकूबाईचा धाकटा पाणी प्यायला धावत बाहेर आला.

"काका, अस्वल सर्कशीत हाय. त्यानं आपल्या मालकाच्या डोक्यावर पाय दिला."

"नंदा हसली का रे?" दत्तारामाने विचारलं.

"हसली तर. टोपी उडाली तवा लई हसली." आणि तो पळाला.

महिपतीने मुलाचं तोंड पाहिलं, मग पाहुण्याकडे पाहिलं.

"ल्हान व्हती पोर तेव्हा," तो हळूच म्हणाला. "तिच्या काय ध्यानात नाय. एका परीनं बरंच झालं. नवी आय मायाळू हाय, फ्रॉक धाडलाय तिनं."

"ध्यानात नाय, हेच तुझं नशीब, दत्ताराम," कुशाबा म्हणाला. तो थोडा वेळ घराकडे बघत राहिला. आतून पुन्हा हसू आलं आणि या वेळी त्याने कान देऊन ऐकलं, जणू त्या गलक्यातून एकच आवाज निवडून काढत होता. त्याच्या बहिणीचं हसणं तसंच होतं, आधी श्वास घेऊन मग फुटणारं. त्याने चंचीतून एक अखंड सुपारी काढली आणि महिपतीच्या तळहातावर ठेवली.

"न्या. पण मे महिन्यात माझ्याकडं धाडायची. डोंगर चढायला विसरू देऊ नका तिला."

महिपतीने सुपारी मुठीत धरली. दत्ताराम पाया पडायला वाकला, कुशाबाने पाय मागे घेतले नाहीत.

*

ठकूबाई दारात उभी राहून बघत होती. भाजी चिरायची होती, पण पाय निघत नव्हता. भाषा कळत नव्हती, तरी सगळं कळत होतं. ते अस्वल सर्कशीत काम करायचं. मालकाने त्याला हाकलून दिलं. टोपी काखेत घेऊन ते चालत घरी आलं. घरात एक अस्वलीण होती, पुढ्यात फडकं बांधलेली. चुलीवर काहीतरी रटरटत होतं आणि टेबलाखाली एक पिल्लू भोवऱ्याशी खेळत होतं.

"बाय गो, अस्वलिणीला पण रांधायचं चुकलं नाय," एक म्हातारी म्हणाली आणि बायका हसल्या.

अस्वल बाटलीतून प्यायलं. त्याचं नाक लाल झालं, पोरं हसली. ते उठायला गेलं आणि धडपडलं, तेव्हाही हसली. मग त्याने ताट भिरकावलं. अस्वलिणीने ते उचललं. मग त्याने तिला मारलं. पोरं त्यालाही हसली. चित्रातलं मारणं ते, त्यात कुणाला लागत नाही, डोक्यावर टेंगूळ येऊन लगेच जातं, असं त्यांना वाटलं. पण टेंगूळ आलं नाही. वाजंत्री थांबली होती. अस्वलिणीच्या तोंडातून रक्त आलं आणि ते चित्रातलं असूनही खाली फरशीवर सांडलं.

हसणं एकेकाचं बंद झालं. ज्या म्हातारीने थट्टा केली होती ती पदराने तोंड पुसत होती.

"ही कसली गो पोरांची चित्रं," ती पुटपुटली.

बंद कर म्हणावं तर ठकूबाईला ते यंत्र बंद करता येत नव्हतं. दत्तारामाला हाक मारावी, तर बाहेर सुपारीची बोलणी चालली होती. आता संपेल, पुढे काहीतरी गमतीचं येईल, असं तिला वाटत राहिलं. कार्टूनच तर होतं.

पडद्यावर दुसरा दिवस उजाडला आणि पुन्हा सांज झाली. जिन्यावर अस्वलाची पावलं वाजली. अस्वलिणीने पिल्लाला उचललं, कपड्यांच्या पेटीत ठेवलं, तोंडावर बोट धरून गप्प राहायची खूण केली आणि झाकण लावलं.

गोदूबाई चित्राकडे बघत नव्हती. ती नंदाकडे बघत होती. पोर इतका वेळ तिच्या गुडघ्याला टेकून बसली होती. आता टेकणं सुटलं होतं. ती उठली, कुणाच्या पायाला धक्का न लावता, वाकून, भिंतीच्या कडेकडेने मागच्या दाराकडे गेली. तिने गोणपाट बाजूला केलं, उजेडाची एक पट्टी आत आली आणि गेली.

गोदूबाईला हाक मारता आली असती. तिचं तोंड उघडलंही. पण ज्या दाराकडे पोर गेली ते दार तिला ठाऊक होतं, दारापलीकडे काय आहे तेही ठाऊक होतं, आणि ठाऊक असून आपण पीठ मळत बसायचो हेही. तिचे हात मांडीवर तसेच राहिले.

*

"नंदा कुठं गेली?" दत्ताराम आत आला तो हेच विचारत. सुपारीची गोष्ट तिला स्वतः सांगायची होती. बाहेर ऊन होतं, आत त्याला काही दिसेना. पडद्यावर तेवढं एक अस्वल दार ठोठावत होतं. त्याने ते पाहिलं, फरशीवरचं रक्त पाहिलं, आणि पुढे होऊन वायर ओढली. चित्र मिटलं.

"हे काय लावलंत?" ठकूबाई म्हणाली. "बघितलं तरी व्हतंत का आधी?"

"पोरांचं हाय म्हणाला तो."

"पोरं बघा कशी बसलीत ती."

त्याने खिडकीवरची घोंगडी ओढली. पोरं उजेडात डोळे चोळत होती, त्यांच्यात नंदा नव्हती. ठकूबाईने परसात बघितलं, गोठ्यात बघितलं, विहिरीकडे जाऊन वाकून बघितलं. पोरं नावाने हाका मारत वाडीभर पांगली. महिपती आणि कुशाबा उठून उभे राहिले होते.

"पडवीत बघा," गोदूबाई म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "नाचणीच्या कणगीत."

"कणगीत?" ठकूबाईने वळून बघितलं. "आत्या, कणगीत कशाला जाईल ती?"

हाताला धरून उठवा म्हणून गोदूबाईने हात वर केला. तो दत्तारामाने धरला.

मागच्या पडवीत कोपऱ्यात नाचणीची कणगी होती. बांबूची, शेणाने सारवलेली, कमरेएवढी. वैशाखात ती तळाला गेलेली असायची. तोंडावर सूप पालथं होतं. शेजारी जात्याच्या दगडावरच्या पिठात पायाचे ठसे होते, पोर त्यावर चढून आत गेली होती.

"नंदा," दत्ताराम म्हणाला.

सूप थोडंसं हललं आणि घट्ट बसलं. आतून ते धरलं होतं.

ठकूबाई पुढे झाली. "बायो, मी हाय गो. मोठी आय. चित्र बंद केलं. ये भायेर."

"नाय." आवाज कणगीतून घुमून येत होता.

"का गो?"

"आय हाक मारल मंग यायचं."

ठकूबाईचा हात सुपावर गेला होता तो तिथेच थांबला. तिला मोठी आय म्हणायची ती पोर, आणि नुसत्या आयला कधी आठवताना तिने ऐकलं नव्हतं. ज्या वर्षी हे सगळं घडलं त्या वर्षी ती नवऱ्याबरोबर, भागोजीबरोबर, महाडला खोली घेऊन राहत होती. भागोजी तिथल्या कारखान्यात होता. सुंदरा गेल्यावरच ती पोरीसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी वर येऊन राहिली. तिने कानावर आलं तेवढंच ऐकलेलं होतं.

"आय बोललीय, कुणी बोलावलं तरी यायचं नाय," आतून आवाज आला. जरा थांबून, पाठ केलेलं म्हणावं तसं, "बाबानं बोलावलं तरी नाय."

दोन दिवस दत्ताराम त्या शब्दाची वाट बघत होता. मुंबईहून येताना एसटीतही त्याने मनाशी ठरवलं होतं, की ती पहिल्यांदा बाबा म्हणेल तेव्हा आपण घाई करायची नाही, नुसतं ओ द्यायचं. तो भिंतीला टेकला आणि तिथेच खाली बसला.

गोदूबाई त्याच्या पुढून गेली. कणगीशी ओणवी झाली. तिने दोन बोटांनी कणगीच्या पोटावर हळूच वाजवलं. थांबली. परत वाजवलं.

"नंदे," ती म्हणाली, आणि तो तिचा आवाज नव्हता, दुसऱ्या कुणाची तरी हाक तिने आपल्या म्हाताऱ्या गळ्यात आणली होती. "भाकर निवली गो. ये, खाऊ."

पडवीच्या दारात उभ्या कुशाबाने तोंड फिरवलं. बहीण लहान असताना त्याची आई तिला तशीच हाक मारायची.

सूप सरकलं. नंदाने आधी डोळे वर काढले, मग केस. नाचणीचा कोंडा कपाळाला लागला होता. तिने आजीकडे बघितलं, तिच्या मागे बघितलं, तिथे आणखी कुणी आहे का ते. मग ठकूबाईने तिला काखेत धरून उचललं आणि आत नेलं.

दत्तारामाने बसल्या जागेवरून आईकडे बघितलं.

"आये," दत्ताराम म्हणाला, "तुला ठाऊक व्हतं."

"चूल ही हितं, कणगी ही हितं. मी काय परगावी व्हते?"

"मंग बोलली का नायस?"

"तुझ्याशी? तेव्हा?" गोदूबाई जात्याच्या दगडावर बसली. "तिच्याशी पण नाय बोलले रे. तू झोपलास की ती येऊन पोरीला काढायची, मी भाकर झाकून ठेवायची. रोज. पण पोरीला हितं दे, माझ्याकडं दे, असं मी एक दिस बोलले नाय. तिला वाटायचं मला कळत नाय. मी वाटू दिलं." तिने कणगीवरचं सूप उचललं आणि उगाच झटकलं. "ती गेल्यावर मंग कुणाला सांगायचं."

दत्ताराम उठला आणि बापापुढे जाऊन उभा राहिला.

"बा, ती सुपारी द्या."

"कशाला?"

"द्या."

महिपतीने मूठ उघडली नाही. "खुळा झालास काय? दोन साल गेली हे जुळवायला. पोर घाबरली, उद्या इसरंल. एका अस्वलांच्या चित्रापायी घर मोडतोस?"

"इसरली असं तुम्ही तीन वर्षं म्हणताय."

"गीताला काय सांगशील?"

"काय ते सांगीन. तिला ठाऊक नाय ते पण सांगावं लागंल."

महिपती मुलाकडे बघत राहिला, आणि मग त्याची मूठ आपोआप सैल झाली. सुपारी घामाने ओली झाली होती. दत्तारामाने ती कुशाबापुढे धरली.

कुशाबाने हात पुढे केला नाही. "दिलेली सुपारी मी घेतली तर शब्द माझा मोडतो."

"माझा मोडला," दत्ताराम म्हणाला. "तुमचा नाय."

कुशाबाने मग ती घेतली. चंचीत टाकली आणि दोरी ओढताना म्हणाला, "आज दुपारी मला वाटलं व्हतं, द्यावी. खरंच वाटलं व्हतं." मग त्याने काठी घेतली आणि ऊन उतरायच्या आत डोंगर चढायला निघाला.

ठकूबाईने आतून सगळं ऐकलं. पोर तिच्या मांडीवर भाकरीचा तुकडा चघळत होती. ती आता आपल्याकडेच राहणार, म्हणून तिच्या पोटात एकदम हलकं झालं, आणि ते हलकं झालेलं तिला आवडलं नाही. भावजींनी पाटावर चढून खिडकीला ठोकलेले खिळे तसेच होते. त्यातल्या एकाला घोंगडीचा धागा लोंबत होता.

संध्याकाळी वाडी जमली, कारण देवाची कॅसेट लावायचा शब्द दिला होता. दत्तारामाने ती लावली. माणसं हात जोडून बघत होती. तो स्वतः खळ्यात बसून राहिला. मधे एकदा महिपती येऊन शेजारी बसला.

*

सकाळी गडी खोका उचलायला आले. दत्ताराम सगळ्यांच्या पाया पडला. निळा फ्रॉक त्याने पिशवीत भरला नाही, दांडीवरच राहू दिला. "अंगाला बसला तर घाला," तो वहिनीला म्हणाला. "नाय बसला तर कुणाला द्या."

"बसंल," ठकूबाई म्हणाली. "थोडा मोठाच हाय. दिवाळीपतुर बसंल. तुम्ही या, बघायला."

नंदा तिच्या मागे उभी होती. तो पायरी उतरला तेव्हा ती लुगड्याआडून म्हणाली, त्याच्याकडे न बघता, कुणालाच नाही असं,

"ते पिल्लू भायेर आलं काय?"

दत्ताराम वळला. तिच्याएवढा होण्यासाठी खाली बसावं असं त्याला वाटलं, पण जवळ गेलो तर ती मागे सरेल, म्हणून पायरीवरच उभा राहिला.

"मी बघितलं नाय," तो म्हणाला. "बघून सांगतो."

महाडच्या दुकानात मालकाने खोका उघडून यंत्र तपासलं, घड्याळ परत दिलं. "मुलांना आवडलं का?"

"त्याचा शेवट बघायचा हाय."

"कार्टूनचा?" मालकाला गंमत वाटली. पण गिऱ्हाईक नव्हतं, त्याने कॅसेट आत सरकवली आणि पुढे पळवली. अस्वल दार ठोठावताना दिसलं, दार मोडलं, आत काळोख. अस्वलीण जमिनीवर पडलेली. कोपऱ्यात ती पेटी, झाकण लावलेली. चित्र त्या पेटीच्या जवळ जवळ जायला लागलं. आणि पडद्यावर आडव्या रेघा आल्या. रेघा गेल्या तर सुटाबुटातला एक नवरदेव खुर्चीवर बसला होता आणि बायका त्याला हार घालत होत्या.

"हे कुणाचं?"

"कुणीतरी हे पुसून वर लग्न भरलंय. असं होतं." मालकाने बंद केलं. "प्राण्यांचं होतं म्हणून मुलांच्या फळीवर ठेवलं. सगळ्या कॅसेटी आम्ही कुठे बघत बसणार?"

बघितली तर दत्तारामानेही नव्हती. मालक कॅसेट खालच्या फळीवर ठेवायला वाकला.

"ती तिथं नका ठेवू," दत्ताराम म्हणाला. "मोठ्यांची हाय ती."

मुंबईची गाडी लागायला वेळ होता. डेपोत भागोजी आला, पाळी संपवून, तोंडसुद्धा न धुता. रात्रीच कुणीतरी गावाहून आलेल्याने त्याला सगळं सांगितलं होतं. तो धाकट्या भावाशेजारी बाकावर बसला. दोन चहा मागवले, ते पिऊन झाले.

"वर कधी जाशील?" दत्तारामाने विचारलं.

"शनवारी."

"नंदाला सांग. तिनं मला विचारलंय, ते पिल्लू बाहेर आलं का. तिला सांग, शेवट नव्हता. त्याच्यावर कुणी दुसऱ्याचं लग्न भरलंय."

भागोजीने ऐकून घेतलं. "पोरीला असलं काय सांगायचं? आलं म्हणून सांगतो. हसत आलं. ल्हान पोर ती, तिला काय."

गाडी फलाटाला लागत होती. माणसं पिशव्या घेऊन उठली. दत्तारामाने घड्याळ खिशातून काढलं, मनगटावर बांधायला घेतलं, पण पट्टा त्याच्या हातून लागेना. भागोजीने त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि बांधून दिलं.

"आलं म्हणून सांगू ना?"

"नको," दत्ताराम म्हणाला. "हाय ते सांग. तिला सगळं आठवतं."